ठाण्याचा ताम्रपट, सोपाऱ्याचा करंडक आणि संग्रहालयांची जडणघडण

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना तांब्याचे कोरलेले पत्रे सापडले. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. पत्रे होते शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे इ.स. १०१७ मधले. ब्राह्मणाला दिलेल्या गावांचं ते दानपत्र. त्यात राजा ‘श्रीस्थानक’च्या, म्हणजे आपल्या ठाण्याच्या, रहिवाशांना उद्देशून दान जाहीर करतो. हंजमान नगराचाही उल्लेख आहे आणि अभ्यासक त्याची ओळख संजाणशी पटवतात. जनरल कार्नाक यांनी ही माहिती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला पाठवली, रामलोचन पंडितांनी समजावून दिलेल्या अर्थावरून केलेला अनुवाद जोडला गेला आणि १७८८ मध्ये निघालेल्या सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो छापून आला.

ही गोष्ट ठाणेकरांना माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. कारण आज दिल्ली, कोलकाता किंवा मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात फिरताना नाणी, मूर्ती, शस्त्रं, पेंढा भरलेले पक्षी, लघुचित्रं आणि चिनी भांडी एकाच छपराखाली का दिसतात, याचं उत्तर अशा सुट्या सुट्या सापडण्यात आहे. आधी संग्रहालय बांधलं आणि मग यादी करून वस्तू आणल्या, असं जवळजवळ कुठेच झालेलं नाही. वस्तू आधी सापडत गेल्या आणि त्या ठेवायला जागा हवी म्हणून संग्रहालयं उभी राहिली.

कलकत्त्याचंच बघा. एशियाटिक सोसायटी १७८४ ची. तिच्याकडे शिलालेख, ताम्रपट, हाडं, दगड येत राहिले आणि तीस वर्षांत ढीग साचला. १८१४ साली नॅथेनियल वॉलिक या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पत्र लिहून सुचवलं की याचं रीतसर संग्रहालय करावं, मी माझ्याकडचे नमुनेही देतो. तेच आजचं इंडियन म्युझियम. कला, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र, भूगर्भशास्त्र, प्राणी आणि वनस्पती असे त्याचे सहा विभाग आहेत. पाठवणाऱ्याने जे पाठवलं ते सोसायटीने ठेवून घेतलं, त्यामुळे हा विस्तार झाला.

मुंबईत १८०४ मध्ये लिटररी सोसायटी निघाली. तीच पुढे मुंबईची एशियाटिक सोसायटी झाली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुलं झालं. आज त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड स्वतः जुने लेख वाचणारे, नाणी जमवणारे अभ्यासक होते. त्याच संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला आणि तुकडे इथेच राहिले. उरणच्या समोरच्या बेटावरची वस्तू भायखळ्याला का, याचं कारण एवढंच.

पण ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना १८८२ ची आहे. सोपारं आज पालघर जिल्ह्यात येतं, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. गावाबाहेर एक टेकाड होतं. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे, भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले आणि त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरसाठी, म्हणजे सरकारी माहितीग्रंथासाठी, माहिती गोळा करणारे. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी ते टेकाड खणलं. आत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी.

ती पेटी उघडल्यावर काय दिसलं हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. मध्ये तांब्याचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, आणि त्याच्याभोवती कडं करून बसवलेल्या ब्राँझच्या आठ लहान मूर्ती: सात मानुषी, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, बुद्ध आणि पुढे येणारा बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपलेले. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. नाण्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हा स्तूप उघडला, श्रद्धेने मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. सहा-सातशे वर्षांच्या अंतराने दोन पिढ्यांनी एकाच जागेला नमस्कार केल्याचा हा पुरावा आहे. आणि वस्तू कोणत्या क्रमाने, कशाच्या आत, कशाच्या बाजूला होत्या हे भगवानलालांनी टिपून ठेवलं म्हणूनच तो हाती लागला. त्याच आठ मूर्ती कुणी बाजारात विकल्या असत्या तर त्यातून एवढंच कळलं असतं की त्या बौद्ध आहेत.

हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा, म्हणजे दगडावर कोरलेल्या राजाज्ञेचा, तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. भगवानलाल १८८८ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची नाणी आणि मथुरेचा प्रसिद्ध सिंहशीर्ष, म्हणजे खांबाचा सिंह कोरलेला दगडी माथा, ब्रिटिश म्युझियमला गेला. आपल्याच माणसाने जमवलेलं लंडनला का द्यावं, असा प्रश्न मनात येतो. तेव्हा मुंबईत हे सगळं सांभाळेल असं पुरातत्त्वाचं मोठं संग्रहालय नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

ते पुढे झालं, तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये इमारत तयार, मग पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय आणि शेवटी १९२२ मध्ये लोकांसाठी दारं उघडली. संग्रह मात्र आधीपासून येत होता. सेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह १९१५ मध्ये घेतला गेला. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्याकडून चित्रं, जेड, चिनी-जपानी वस्तू आल्या. निसर्गविज्ञान विभागाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हात दिला आणि एशियाटिक सोसायटीने आपल्याकडचे लेख व शिल्पं तिथे ठेवायला दिली. प्रत्येक दालनामागे एखादं घराणं नाहीतर एखादी संस्था उभी आहे.

नाण्यांच्या दालनाची वाट निराळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवणं बंधनकारक झालं. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन तो घेता येतो. नांगराला लागलेलं मडकं अशा रीतीने कचेरीत पोचायचं, नाणी तपासली जायची आणि वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटली जायची. एकाच मडक्यातली नाणी अनेक शहरांत दिसतात ती यामुळे.

दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय तर एका प्रदर्शनातून जन्मलं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलेचं प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आपल्या निवडक वस्तू पाठवल्या. वस्तू परत आल्यावर त्या दिल्लीत आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि त्यांतूनच राष्ट्रीय संग्रहालय उभं करायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांनी त्याचं उद्‌घाटन केलं. आजच्या इमारतीत ते डिसेंबर १९६० मध्ये आलं. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी, पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेली चित्रं, मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने जमवलेल्या आदिवासी वस्तू, सरोदवादक शरन राणींनी दिलेली वाद्यं हे सगळं तिथे एकत्र आहे. संग्रह दोन लाखांहून अधिक वस्तूंचा. पण वस्तू राष्ट्राची झाली की तिचं गाव पाटीवर बारीक अक्षरात जातं, कधी जातच नाही. ही उणीव मला खटकते. ठाण्याच्या शाळांतल्या मुलांना सहलीला नेलं जातं तेव्हा ‘हे आपल्याकडचं’ असं कुणीतरी म्हणायला हवं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ठाणे, बेलापूर, उरण पट्ट्यात सध्या इतकं खोदकाम चालू आहे. जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहताहेत, तलावांचा गाळ निघतोय, रस्ते रुंद होताहेत. शिलाहारांची राजवट इथे शतकानुशतकं होती. त्यांचे ताम्रपट, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे, गाढव कोरलेले दगड), वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) उत्तर कोकणात अजून निघतात. गधेगाळ तर कित्येक ठिकाणी शेंदूर लावून देव म्हणून पुजले जातात, नाहीतर बांधाचा दगड म्हणून पडलेले असतात. खोदताना काही लागलं की पहिला मोह असतो ते चिंच-लिंबाने घासून चकचकीत करण्याचा. तांब्यावरचा हिरवा थर तसाच राहू द्यावा, तो घासला तर त्याच्याबरोबर अक्षरंही जातात. दगड हलवण्याआधी जागेवरच फोटो घ्यावा, आजूबाजूची भिंत, झाड, खड्ड्याची खोली दिसेल असा. मग तलाठी, तहसीलदार किंवा पोलिस ठाण्यात कळवावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, पुरावस्तू ठरतं. ते परदेशी नेता येत नाही. १८७८ चा कायदाही लागू आहे. ठेवा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूळ मालक न सापडल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन-चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा, हेही त्यात आहे. कलेक्टरला द्यायच्या सूचनेत मोजक्याच गोष्टी लिहायच्या असतात: काय आणि अंदाजे किती किमतीचं सापडलं, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला.