‘शांती’ की ‘समाधान’? बेळगावकडच्या ख्रिस्ती सद्गुणांची पार्श्वभूमी

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला दोन बायबलं उघडतात. सासूबाईंचं मराठी आणि जाऊबाईंचं कन्नड, त्या गोकाककडच्या. एकदा नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय निघाला, ‘आत्म्याचं फळ’ म्हणून गुण मोजणारा. सासूबाईंनी वाचलं, ‘प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता’. जाऊबाईंच्या पुस्तकात त्याच ओळीला ‘प्रीती, संतोष, समाधान, दीर्घशांती’. आपल्याकडे समाधान जेवून ढेकर दिल्यावर येतं. जाऊबाई म्हणाल्या, आमच्यात चिडलेल्याला ‘समाधान माड्को’ म्हणतात, म्हणजे शांत हो. आणि सहनशीलता म्हणजे लांब पल्ल्याची शांती! कुकरची शिट्टी होईपर्यंत हेच चाललं होतं.

हे पत्र येशूचा प्रेषित पौल यानं पहिल्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना ग्रीक भाषेत लिहिलं. गुण नऊ मोजले, पण शब्द वापरला एकवचनी: फळ. ‘फळे’ नव्हे. एकच झाड, एकच फळ, त्याला नऊ चवी, असं मला ते वाटतं. ग्रीक तत्त्वज्ञांचा सद्गुणासाठीचा लाडका शब्द ‘अरेते’; तो पौलाच्या पत्रांत जेमतेम एकदा येतो, फिलिप्पैकरांस पत्रात. मराठीत तिथं ‘सद्गुण’ आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात मात्र त्याच शब्दाला मराठीत ‘सात्त्विकता’ केलंय. विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची भर घाला, अशी ती चढती माळ. सात्त्विक म्हटलं की मराठी कानाला गीतेतले तीन गुण आठवतात. पौलाच्या नऊ गुणांतलं शेवटचं ‘इंद्रियदमन’ही त्याच घरातलं. कन्नडवाल्यांनी तर तिथं ‘शमे-दमे’ घातलं, सरळ शम आणि दम, म्हणजे मन आणि इंद्रियं आवरणं. भाषांतरकारांनी इथल्याच मातीतले शब्द उचलले. माझ्या मते ते बरंच झालं.

हा प्रयोग जुना आहे. गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं (जेझुइट हा कॅथलिकांचा एक धर्मसंघ) ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांमध्ये रचलं, सुमारे ११ हजार ओव्या. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढं कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तीच वाट अभंगांतून चालवली. (आमच्या उपासनेत टिळकांचं पद लागलं की वारकरी घरातून आलेल्या मैत्रिणीही ठेका धरतात.)

पण शब्द आले म्हणजे सवय लागत नाही. रोजच्या जगण्यात गुण कसे मुरवायचे, याच्या दोन रीती इथं बाहेरून आल्या. जेझुइटांचा संस्थापक इग्नाशियस यानं सोळाव्या शतकात एक हिशेब सांगितला: एक दोष धरायचा, दुपारी आणि रात्री आठवायचं, तो किती वेळा घडला तितके ठिपके कागदावरच्या रेघेवर मांडायचे, उद्याच्याशी ताडून बघायचं. बेळगावात जेझुइटांची सेंट पॉल्स शाळा १८५६ पासून आहे. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत मात्र बराच नंतरचा, १९५३ चा.

दुसरी रीत मेथडिस्टांची, म्हणजे जॉन वेस्लीच्या प्रोटेस्टंट पंथाची. तिची सुरुवात कर्जातून झाली, हे मला फार आवडतं. १७४२ मध्ये ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचं देणं फेडायचं होतं. ठरलं असं की बाराजणांमागं एकानं दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पेनी मागायला घरोघर गेल्यावर घरातली भांडणं, दारू, आजारपणं दिसायला लागली. वेस्लीनं तेच धरून ठेवलं; गट साप्ताहिक झाले, आणि पैशाबरोबर प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं, तुझा आत्मा कसा आहे? १७४३ मध्ये त्यानं तीन नियमही घातले: वाईट करू नका, भलं करा, आणि प्रार्थना, वचन, प्रभुभोजन यांसारख्या देवानं नेमलेल्या गोष्टी सोडू नका.

बेळगावला प्रोटेस्टंट काम १८२० मध्ये लंडन मिशनच्या जोसेफ टेलर यांनी सुरू केलं. ते बळ्ळारीहून आले. १९०४ मध्ये हे ठाणं अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं, आणि वेस्लीची ती रीत इथं पोचली. तेव्हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. घरात मराठी, कचेरीत कन्नड हे तेव्हापासून अधिक ठळक झालं.

आमच्या गटाची बैठक अजून कुणाच्या तरी घरी भरते. वर्गणीची वही फिरते. पैसे लिहिता लिहिता कुणीतरी विचारतं, दिरांशी बोलणं सुरू झालं का गं? परवा वही माझ्यापुढं आली, तेव्हा मी वीस रुपये लिहिले आणि मान खाली घातली.