विमानाने सेव-लोणचं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

दिवाळी आणि लग्नसराई आली की रामबागेतल्या आमच्या दुकानात हमखास विचारतात, "विमानात लौंग सेवेचं पाकीट फुटेल का हो?" फुटत नाही, फुगतं. पण त्या धास्तीने पुष्कळ जण घरी टाचणीने भोक पाडतात, वर चिकटपट्टी लावतात आणि आठवड्याने पुण्याहून फोन येतो की सेव सादळली. भोक पाडलेलं पाकीट आम्ही बदलून देत नाही. म्हणून हे एकदा नीट सांगतो.

एअरबस ए-३२० साधारण ३९,००० फुटांपर्यंत जाऊ शकतं, बोईंग ७३७-८०० ला मर्यादा ४१,००० फुटांची. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाचवा हिस्सा. पण ती उंची आपल्या वाट्याला येत नाही, पाकिटाच्याही नाही. ८,००० फुटांवर जेवढा दाब असतो, त्याहून कमी दाब एरवी केबिनमध्ये होऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. मग जमिनीइतकाच का ठेवत नाहीत? आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक वाढला की दर उड्डाणाला विमानाच्या सांगाड्यावर ताण वाढतो. सामानाच्या कप्प्यात हवाच नसते, हेही कुणीतरी पसरवलंय. प्रवासी जेट विमानात तो कप्पा केबिनसारख्याच दाबाखाली असतो. सेव हातात न्या की बॅगेत टाका, फरक नाही.

आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे सील केलेल्या पाकिटातला दाब मुळातच थोडा कमी. केबिनमध्ये आतला वायू फार तर पाव हिश्शाने पसरतो. तेवढी जागा सोडूनच आम्ही सील मारतो. "अर्धं पाकीट तर हवाच आहे!" म्हणणाऱ्यांना सांगायचं, तो नायट्रोजन आहे. तेल खवट होऊ नये आणि सेवेचा चुरा होऊ नये म्हणून भरलेला. वजन छापलंय, काट्यावर ठेवून बघा. मुंबईत उतरल्यावर तेच पाकीट जरा बसकं दिसतं. आतून कुणी काही काढलेलं नाही, तिथे दाब जास्त.

महूची फौजी मंडळी लेहला पाठवतात, त्यांचं निराळं. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांहून उंच, म्हणजे केबिनच्याही वर. तिथे पाकीट उतरल्यावर जास्त फुगतं आणि तसंच राहतं. त्यासाठी तेवढीच सेव मोठ्या पाकिटात भरून देतो. भाव तोच.

लोणच्याची बरणी मात्र नेऊ नका. वरची मोकळी हवा पसरते, बरणी आडवी झाली की तेलाला झाकणातून बाहेर ढकलते आणि बॅगेतली पैठणी जाते. कैरीचं, लिंबाचं, मिरचीचं, तिन्ही लोणची आम्ही हवा काढलेल्या पाऊचमध्ये देतो. घरचं लोणचं आणलंत तर तेही पॅक करून देऊ, फक्त पाऊचचे पैसे पडतील. पाऊच आणि लेहचं पाकीट आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावं लागतं. सकाळची फ्लाइट आणि रात्री शटर ओढताना आलात, तर सेव मिळेल, लोणचं नाही.