मॉरिशसमध्ये दुपारचं जेवण आणि बाजारहाट
(आमच्या प्रवाशांसाठी. बॅग भरण्याआधी वाचावं.)

तुमच्या पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात आहे. दुपारचं आम्ही मुद्दामच घेतलेलं नाही. बेटावर आलात आणि दोलपुरी न खाता परतलात, तर आम्हालाच वाईट वाटेल.

दोलपुरी म्हणजे गोड नसलेली पुरणपोळी समजा. आत वाटलेली हरभरा डाळ, पोळी अगदी पातळ. गाडीवाला कापडात गुंडाळलेल्या चळतीतून दोन उचलतो (जोडीनेच देतात), कागदावर पसरतो, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय (मसालेदार घट्ट रस्सा) आणि चटणी घालून झटक्यात गुंडाळी करतो. थोडं पुढे वाकून खा, रस्सा हमखास गळतो. तिखट थोडंच हवं असेल तर ‘तिगित पिमां’, अजिबात नको तर ‘सां पिमां’ म्हणा. त्यांची मिरची आपल्याला झेपेल, या भ्रमात राहू नका! गातो पिमां हा डाळवडा. सकाळी तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात. वडापाववाल्यांना वेगळं सांगायला नको.

गाड्यांवर सकाळीच जा. दुपार उलटली की माल संपतो.

पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये खाली भाजी-फळं, वर पिशव्या आणि भेटवस्तू. मांसाचा विभाग वेगळ्या इमारतीत आहे. सब्जा घातलेलं थंड दुधाचं आलुदा इथेच प्यावं. भेटवस्तूंना घासाघीस करा, भाजीला नको. गावोगावचे आठवडी बाजार मात्र आम्हाला जास्त आवडतात: माहेबूरला सोमवारी, फ्लाकला बुधवारी आणि रविवारी.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर भाजीची चिंता नको. लालो म्हणजे भेंडी, मारगोझ म्हणजे कारलं, पिपंगाय म्हणजे दोडका, आणि ब्रेद मुरुम म्हणजे चक्क शेवग्याचा पाला. किराणा सुपरमार्केटात मिळतो, पण रविवारी दुपारनंतर दुकानांच्या भरवशावर राहू नका.

शाकाहारी मंडळींनी एवढं पाहावं: रुगायमध्ये कधी खारवलेली मासळी असते, आणि चायनीज नूडल्सच्या सॉसमध्येही मासळी असू शकते. मागवण्याआधी विचारा. दोलपुरीवरची रुगाय टोमॅटोची, म्हणून ती गाडी त्या मानाने निर्धास्त. जैन जेवण हवं असेल तर निघण्याआधीच आम्हाला सांगा, तिथे ऐन वेळी जमत नाही.

तिथेही चलन रुपयाच, पण मॉरिशसचा. आपल्या नोटा चालत नाहीत. सुटे जवळ ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, तेव्हा घरची कापडी पिशवी न्या. ताजी फळं, भाज्या, बियाणं मात्र इथून नेऊ नका, विमानतळावर अडवतात. येताना व्हॅनिलाचा चहा आणा. अननस तिथेच, मीठ-मिरची लावून, काडीला धरून संपवा.