ढोरवाट आणि पायवाट : सह्याद्रीच्या रानात दोघींना वेगळे कसे ओळखावे

सह्याद्रीच्या रानात वाट चुकलेला माणूस पुष्कळदा चांगल्या रुंद, मळलेल्या वाटेवरच उभा असतो. फक्त ती वाट गुरांची असते. गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेने आणि ओढ्याच्या काठाने गाई-म्हशी रोज चरायला जातात, त्यांच्या खुरांनी जमीन उघडी पडते आणि ढोरवाट तयार होते. गाव, देऊळ, खिंड किंवा किल्ल्याचा दरवाजा गाठण्यासाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने गेली, ती पायवाट. दोघींवर तीच तांबडी माती असते, रुंदीही जवळपास सारखी असते, आणि गावालगतच्या पहिल्या टप्प्यात तर त्या एकच असतात, कारण गुराखी आणि वाटसरू एकाच पाणंदीने गावाबाहेर पडतात.

घोटाळा सर्वांत जास्त होतो तो पावसाळा सरताना. भाद्रपद-आश्विनात गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. वरच्या खिंडीकडे किंवा किल्ल्याकडे मधल्या महिन्यांत फारसे कोणी गेलेले नसल्यामुळे पायवाट त्या गवताखाली बुजून जाते. गुरांचे चरणे मात्र याच दिवसांत ऐन भरात असते, त्यामुळे ढोरवाट ताजी, ओली आणि स्पष्ट दिसते. ‘जी जास्त मळलेली ती खरी’ हा सर्वांच्या मनात बसलेला ठोकताळा अशा रीतीने भटकंतीच्या हंगामाच्या तोंडावरच उलटा पडतो. म्हणून वाट किती वापरातली दिसते यापेक्षा ती कुठे निघाली आहे आणि अडथळा आला की काय करते, हे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

गुरे चाऱ्याच्या मागे जातात, त्यामुळे ढोरवाट उताराला आडवी, साधारण एकाच उंचीवर धावते. उघड्या गवताळ उतारावर अशा वाटा एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या पडलेल्या दिसतात. त्या फुटतात, पुन्हा मिळतात आणि शेवटी एखाद्या माळावर विरून जातात. पायवाटेला खिंड गाठायची असते, म्हणून ती वळणे घेत असली तरी वळणागणिक उंची बदलत राहते. एवढ्या एका खुणेवर मात्र निर्णय घेऊ नये. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी नेहमीची वाट काही अंतर कड्याच्या पोटातून आडवी जाते, आणि तरीही ती अगदी पक्की माणसांची वाट आहे.

दाट झाडीत, विशेषतः कारवीच्या रानात, खाली न पाहता वर पाहावे. म्हशीच्या पाठीपर्यंतची उंची मोकळी आणि त्यावर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणजे माणसाला दर दहा पावलांवर वाकावे लागत असेल, तर ती ढोरवाट असण्याचा संभव मोठा आहे. पायवाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याने छाटलेल्या फांद्यांचे जुने-नवे घाव दिसतात. तरीही थोडी सावधगिरी हवी: कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडायला किंवा सरपणाला जाणाऱ्यांच्या वाटेवरही असे घाव असतात, पण ती वाट तोडलेल्या बुंध्यांच्या एखाद्या मोकळ्या जागेत जाऊन संपते.

खरी परीक्षा ओढ्यावर होते. गुरे ओढ्यावर येतात ती पाणी प्यायला आणि म्हशी तर डुंबायलाही, म्हणून ढोरवाट डोहाकडे किंवा सपाट काठाच्या पाणवठ्याकडे उतरते, काठापाशी पंख्यासारखी पसरते आणि तिथला चिखल खुरांनी तुडवलेला असतो. पलीकडच्या काठावर काही दिसत नाही, किंवा दिसलेच तर काठाकाठाने विखुरलेल्या वाटा दिसतात. माणसाला ओढा ओलांडायचा असतो. त्याची वाट पात्र अरुंद किंवा उथळ असेल अशा ठिकाणी, बहुधा कातळावरून किंवा मोठ्या धोंड्यांवरून, पार होते आणि समोरच्या काठावर लगेच पुन्हा चढू लागते. त्यामुळे ओढ्यात उतरल्यावर आधी समोरचा काठ नीट न्याहाळावा. तिथे चढती वाट सापडेपर्यंत थोडे वर आणि थोडे खाली जाऊन पाहावे, पण मागची शेवटची पक्की खूण नजरेआड होऊ देऊ नये. पात्रातल्या दगडांवर रचलेली लगोर किंवा रंगाचा बाण दिसला तर उत्तमच, मात्र पावसाळ्यात ओढ्याला आलेल्या लोंढ्याने लगोरी वाहून गेलेल्या असतात.

कातळटप्प्यावर तर शंकाच उरत नाही. खोदीव पायऱ्या, खोबण्या, पाण्याची टाकी हे सगळे माणसांच्या वाटेचे पुरावे आहेत. नाणेघाटात सातवाहनकालीन लेणे आणि टाकी वाटेला लागूनच आहेत. गुरे अशा जागी मागे फिरतात.

अभयारण्यात ही सगळी तुलना थोडी बदलते. कोयना धरणामुळे आणि पुढे अभयारण्यामुळे जावळीच्या खोऱ्यातली अनेक गावे उठली, गुरे गेली, आणि आता तिथे खुरांनी पाडलेल्या रुंद वाटा असतात त्या गव्यांच्या. बामणोलीहून लाँचने शिवसागर हा कोयना धरणाचा जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ओढा ओलांडून पुढे गेल्यावर एक वाट वासोट्याकडे आणि दुसरी नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे फुटते. या दोन सोडून बाजूला निघणारी, कितीही मोकळी वाटणारी वाट जनावरांची समजावी. चुकून तिच्यावर जाणे म्हणजे केवळ वेळ गमावणे नव्हे, गव्याशी समोरासमोर गाठ पडण्याचा धोकाही त्यात आहे.

ढोरवाटेवर आल्याचे लक्षात आले, तर शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे यावे. गुराखी भेटला तर ‘ही वाट अमुक गावाला जाते का?’ असे विचारू नये, कारण पुष्कळदा समोरचा माणूस भिडेखातर होकार देतो. ‘अमुक गावाला कुठून जायचं?’ असे विचारावे. आणि ढोरवाटेने ओढ्यात उतरून मग ‘पाण्याबरोबर गेले की गाव लागते’ या समजुतीने ओढा धरून खाली निघणे, ही त्यातली सर्वांत घातक पायरी आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट थरांथरांचा आहे. कोकणाच्या बाजूला उतरणारा ओढा या थरांच्या कड्यांवरून धबधब्याने खाली पडतो. एक टप्पा कसाबसा उतरल्यावर पुढचा कडा उतरता येत नाही आणि मागचा चढता येत नाही, अशी अवस्था होते. थकवा कितीही आलेला असो, अशा वेळी ओढा सोडून वर डोंगराच्या सोंडेवर यावे, कारण तिथून खोरे, गाव आणि चुकलेली वाट दिसण्याची शक्यता असते आणि मोबाइलला रेंजही बहुधा तिथेच मिळते.