रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका
(आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांसाठी दात-हिरड्यांची माहिती)

ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की बहुतेक जण ती बाजू घासायचीच सोडतात. तिथेच खरं नुकसान सुरू होतं. निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही. येतं ते दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर साचून हिरडी सुजल्यामुळे. तो थर निघाला की सूज उतरते. मऊ ब्रशने रोज नीट साफ केलंत तर साधारण दोन आठवड्यांत फरक दिसतो. तरीही रक्त थांबलं नाही, तर दाखवून घ्या.

थर मऊ आहे तोवर ब्रशने निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत कडक होऊ लागतो. हेच कीटण. ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच काढावं लागतं. एकदा आरशात खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू पाहा. पिवळट कडक कड दिसली तर ते कीटण आहे. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात, म्हणून ते तिथे आधी धरतं. तसंच वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. घासताना नेमक्या याच दोन जागा सुटतात.

ब्रश 'सॉफ्ट' लिहिलेला, लहान डोक्याचा घ्या. केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा तिरका धरा. जागच्या जागी हलकेच थरथरवा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढा. एका वेळी दोन-तीन दात, मग पुढे सरका. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा लागतो. सगळं मिळून दोन मिनिटं. करवतीसारखं आडवं, जोर लावून घासल्याने दात जास्त स्वच्छ होत नाहीत. उलट हिरडी खाली सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि मग गार पाणी प्यायलं तरी सणक जाते. तुमच्या ब्रशचे केस महिन्याभरातच फाकत असतील तर जोर जास्त लागतोय हे नक्की. एरवी तीन-चार महिन्यांनी बदला.

दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेल्या अन्नावर जंतूंचं फावतं. पेस्ट फ्लोराइडची हवी (मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड). घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड वाहून जातं. लिंबू किंवा कोकम सरबत घेतल्यावर अर्धा तास थांबून घासा.

दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचत नाही. तिथे रोज एकदा फ्लॉसचा दोरा फिरवा. खटकन आत दाबू नका, एकेका दाताला बिलगवून वर-खाली करा. फट मोठी असेल तर छोटा बाटली-ब्रशसारखा मिळतो तो जास्त सोपा पडतो. सेफ्टी पिन, टाचणी, काडेपेटीची काडी यांनी दात कोरू नका.

मशेरीबद्दल आम्ही स्पष्टच सांगतो. दाढेचा ठणका थांबतो म्हणून घरोघरी बायका ती सुरू करतात आणि पुढे सवय सुटत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दात साफ होत नाहीत, तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र वाढतो. ठणका असेल तर दाढ दाखवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर अजिबात थांबू नका. राखुंडी आणि जाडसर मीठ दाताचं वरचं कठीण आवरण झिजवतात, तेही बंद करा.

मुलांना पहिला दात आला की घासायला लागा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासणं मोठ्यांनी करावं, मुलाच्या हाताला तोवर ते नीट जमत नाही.

शुगर असणाऱ्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावं. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. कीटण काढल्याने दात हलायला लागतात, ही भीती मनातून काढा. दात हलतो तो आतलं हाड झिजल्यामुळे. कीटण त्याला नुसतं धरून ठेवल्यासारखं भासवतं.

तपासणीला येताना घरचा ब्रश सोबत आणा. कुठे सुटतंय ते तुमच्याच ब्रशने, आरसा हातात देऊन दाखवू.