ग्रेवुल्फ प्रेस

ग्रेवुल्फ प्रेस ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली, मिनिॲपोलिस शहरातून चालणारी स्वतंत्र ना-नफा साहित्य प्रकाशन संस्था आहे. सुरुवात 1974 ची. कविता, कथा-कादंबरी, ललित गद्य, समीक्षा आणि अनुवाद मिळून वर्षाला साधारण 30 पुस्तकं काढतात. न्यूयॉर्कच्या बड्या प्रकाशकांपुढे हा आकडा अगदीच किरकोळ आहे, पण कवितेच्या पुलित्झर पारितोषिकांची यादी काढून बसलं तर 2012, 2014, 2021 आणि 2022 या चार वर्षांची पुस्तकं ग्रेवुल्फची निघतात. एवढीशी संस्था इथवर पोचली याचं श्रेय बरेच जण देणग्यांना देतात आणि ते काही चूक नाही, पण माझ्या मते मुख्य गोष्ट अशी की या लोकांना वाट बघत थांबता आलं. लेखकाचं पहिलं पुस्तक विकलं नाही तरी दुसरं, तिसरं काढायचं आणि जुनं पुस्तक बाजारातून हटू द्यायचं नाही, हे परवडावं म्हणून ना-नफा रचना लागली. खाली जे काही सांगितलंय त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल.

सुरुवात

वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिक द्वीपकल्पावर पोर्ट टाउनसेंड नावाचं जुनं बंदराचं गाव आहे, तिथे स्कॉट वॉकर यांनी हे काम सुरू केलं. कॉपर कॅनियन प्रेस ही कवितेची दुसरी छोटी संस्था त्याच सुमाराला तिथे आली होती आणि ग्रेवुल्फला पहिली जागा तिनेच दिली. आता खरं तर दोघं एकमेकांचे स्पर्धक, पण छोट्या प्रकाशकांच्या जगात हे नेहमी दिसतं, यंत्र एकाचं, जागा दुसऱ्याची, कागद तिसऱ्याकडून उसना.

काम सगळं हाताने. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, उलट्या अक्षरांत ओळ जुळवायची, ओळींमधे पट्ट्या भरून पान घट्ट आवळायचं, शाई लावून एकेक ताव छापायचा आणि मग घड्या घालून दोऱ्याने शिवायचं. प्रती अगदी मोजक्या निघायच्या. कवितेचं एक पान जुळवायलाच इतका वेळ जातो की संपादकाला प्रत्येक शब्द हातात धरून बघावा लागतो, नको असलेला शब्द तिथेच टोचतो. पुढे संस्था मोठी झाली आणि छपाई बाहेर गेली तरी पुस्तक दिसायला देखणं हवं हा हट्ट टिकला त्याचं मूळ इथे असावं असं मला वाटतं.

पहिलं खरं यश 1976 मधे आलं, टेस गॅलगर या कवयित्रीच्या संग्रहाने. त्या जवळच्याच पोर्ट एंजलिस गावच्या. म्हणजे पहिला मोठा लेखक शोधायला संस्थेला लांब जावंच लागलं नाही.

ना-नफा होणं आणि मिनेसोटाला जाणं

1984 मधे ग्रेवुल्फची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली आणि 1985 मधे सगळं बिऱ्हाड हलवून ती मिनेसोटात सेंट पॉलला आली (मिनिॲपोलिसला ती बऱ्याच नंतर गेली). कवितेची पुस्तकं छापणारी संस्था पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून उठते आणि बर्फाळ मिनेसोटात जाते हे वरवर विचित्र वाटतं, पण तिथे पैसा होता, आणि नुसता पैसा नाही, तो कलेला द्यायची सवय होती. मिनिॲपोलिसमधली डेटन कंपनी 1946 पासून करपूर्व नफ्यातले पाच टक्के समाजकार्याला देत होती, आणि 1976 मधे तिथल्या कंपन्यांनी तर पाच टक्केवाल्यांचा क्लबच काढला. शिवाय मॅकनाइट, जेरोम, बुश अशी मोठी फाउंडेशन्स शहरातच.

त्यामुळे ग्रेवुल्फ तिथे एकटी नव्हती. ॲलन कॉर्नब्लम आयोवातला आपला छोटा छापखाना सोडून तिथे आले आणि 1984 मधे कॉफी हाउस प्रेस उभी राहिली. मिल्कवीड एडिशन्स तर तिथलीच, 1980 मधे एका नियतकालिकातून जन्मलेली. मिनिॲपोलिस-सेंट पॉल या एकाच जुळ्या शहरात तीन ना-नफा साहित्य प्रकाशक, आणि तिघं दणदणीत टिकले. 2008 मधे मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकर एक टक्क्याच्या तीन अष्टमांशाने वाढवून घेतला, 25 वर्षांसाठी, आणि त्या रकमेतला 19.75 टक्के भाग कला आणि सांस्कृतिक वारशाला ठेवला. लोकांनी स्वतः मत देऊन स्वतःवर कर लावून घेतला आणि त्यातला वाटा कलेला दिला, हे मला आजही फार मोठं वाटतं.

आता ना-नफा म्हणजे नेमकं काय, कारण इथे खूप गैरसमज असतो. ना-नफा म्हणजे पुस्तकं फुकट वाटणं नाही, तोट्यात चालवणंही नाही. पुस्तकं दुकानात पूर्ण किमतीला विकली जातात, लेखकाला ॲडव्हान्स मिळतो, रॉयल्टी मिळते, कर्मचाऱ्यांना पगार मिळतो. फरक एवढाच की संस्थेला मालक नाही, भागधारक नाहीत, वर्षाअखेर चार पैसे उरले तर ते कुणाच्या घरी जात नाहीत, पुढच्या पुस्तकांत जातात. विश्वस्त मंडळ असतं, ते हिशोब बघतं आणि देणग्या उभ्या करायला हातभार लावतं. अमेरिकन करकायद्याच्या 501(सी)(3) या कलमाखाली नोंदणी असली की देणगीदाराला करात सवलत मिळते, आणि त्या बदल्यात संस्थेला दरवर्षी जमाखर्चाचं विवरणपत्र सरकारला द्यावं लागतं जे कुणालाही बघता येतं. उत्पन्नाचे रस्ते तीन-चार: विक्री, हक्कांची विक्री, सरकारी अनुदान (राज्याचं आणि 1965 मधे स्थापन झालेल्या राष्ट्रीय कलानिधीचं), आणि फाउंडेशन्स व वाचकांच्या देणग्या. एखाद्या वर्षी एक रस्ता आटला तर बाकीच्यांवर गाडी ढकलता येते.

1994 नंतर

1994 मधे वॉकर बाजूला झाले आणि फिओना मॅक्रे संचालक म्हणून आल्या. त्या इंग्लंडच्या, फेबर अँड फेबर या प्रकाशन संस्थेत आधी लंडनला आणि मग बॉस्टनला काम केलेल्या. 2022 पर्यंत म्हणजे 28 वर्षं त्यांनी संस्था चालवली, आणि आज आपण ज्या ग्रेवुल्फचं नाव घेतो ती बरीचशी त्यांच्या काळात घडलेली आहे.

त्यांच्या काळातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाचकांना कधी दिसलाच नाही: 2002 पासून ग्रेवुल्फच्या पुस्तकांचं वितरण फरार, स्ट्रॉस अँड जिरू या न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकामार्फत व्हायला लागलं. अमेरिकेत दुकानदार पुस्तकं घेतो ती परतीच्या बोलीवर, न खपलेल्या प्रती परत पाठवल्या की त्याचे पैसे परत. त्यामुळे छोट्या प्रकाशकाला मोठी ऑर्डर हीसुद्धा धास्तीच असते, कारण छपाईचा खर्च आज करायचा आणि सहा महिन्यांनी खोकी परत आली तर करायचं काय. शिवाय हजारो दुकानांत जाऊन पुस्तक सांगणारी माणसं छोट्या संस्थेकडे कुठून असणार? मोठ्या वितरकाचे विक्री प्रतिनिधी तेच काम करतात, त्यांच्या यादीत आपलं पुस्तक गेलं की दुकानदार निदान बघतो तरी. संपादन, निवड, मालकी सगळं ग्रेवुल्फकडेच राहिलं, फक्त ट्रक दुसऱ्याचा. माझ्या मते संस्थेच्या वाढीत या कराराचा वाटा कुठल्याही एका देणगीपेक्षा जास्त आहे.

त्याचं फळ 2007 मधे दिसलं. पेर पेटरसन या नॉर्वेजियन लेखकाची कादंबरी, ॲन बॉर्न यांचा अनुवाद, ब्रिटनमधे आधी आलेली. अमेरिकेत अनुवादित पुस्तकांचं प्रमाण एकूण पुस्तकांच्या साधारण तीन टक्के असं नेहमी सांगितलं जातं, म्हणजे बड्यांनी ज्याला हात लावायला कां-कू करावी असाच हा माल. ग्रेवुल्फने घेतली. त्या वर्षी तिला डब्लिनचा मोठा पुरस्कार मिळाला, न्यूयॉर्क टाइम्सने वर्षातल्या दहा उत्कृष्ट पुस्तकांत धरली आणि मग खप असा काही वाढला की पुढची कागदी बांधणीची आवृत्ती पिकाडोर या दुसऱ्या प्रकाशकाने काढली. अशा एका पुस्तकाच्या जोरावर पाच-सात कवितासंग्रह निघतात, हे गणित छोट्या प्रकाशकाकडे काम केलेल्या कुणालाही पाठ असतं.

थांबण्याचा धंदा

ट्रेसी के. स्मिथ यांचा पहिला संग्रह ग्रेवुल्फने 2003 मधे काढला, दुसरा 2007 मधे, तिसरा 2011 मधे, आणि 2012 चं पुलित्झर त्या तिसऱ्याला मिळालं. 2017 ते 2019 त्या अमेरिकेच्या राष्ट्रकवी होत्या. 2014 चं पुलित्झर विजय शेषाद्री यांना, ते बंगळूरमधे जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले. 2021 ला नताली डियाझ, 2022 ला डायान स्यूस. तोमास ट्रान्सट्रोमर या स्वीडिश कवीचे रॉबर्ट ब्लाय यांनी केलेले अनुवाद ग्रेवुल्फने 2001 मधेच छापले होते, नोबेल 2011 मधे आलं आणि पुस्तक तयारच होतं. हे सगळं बॅकलिस्टचं, म्हणजे विक्रीत टिकवून ठेवलेल्या जुन्या पुस्तकांचं बळ. मोठ्या कंपनीत दोन वर्षं न हललेलं पुस्तक यादीतून जायची भीती असते, इथे ते जपून ठेवायचं हेच मुळी काम आहे.

क्लॉडिया रँकिन यांचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. त्यांचं ‘ॲन अमेरिकन लिरिक’ असं उपशीर्षक असलेलं पहिलं पुस्तक ग्रेवुल्फने 2004 मधे काढलं, कविता म्हणावी की निबंध हे ठरवता येत नाही असं. त्याच उपशीर्षकाचं पुढचं पुस्तक, ‘सिटिझन’, यायला दहा वर्षं लागली. 2014 च्या ऑक्टोबरमधे ते थेट कागदी बांधणीत आलं, मुखपृष्ठावर पांढऱ्या जागेत लटकलेला एक काळा हुड, डेव्हिड हॅमन्स यांची 1993 ची कलाकृती. पुस्तक रोजच्या वंशभेदाबद्दल आहे, दुकानातल्या रांगेत, मित्राच्या घरी, टेनिसच्या मैदानावर घडणाऱ्या. त्यात एक पान असं आहे की मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसांची नावं एकाखाली एक, प्रत्येकाआधी ‘स्मरणार्थ’, आणि खाली खाली जाताना नावं संपतात पण ‘स्मरणार्थ’ हे शब्द छापलेले राहतात, शाई फिकट होत जाते. नव्या छपाईच्या वेळी नवी नावं त्या रिकाम्या ओळींत बसवली जातात, म्हणजे तुमच्याकडची प्रत आणि माझ्याकडची प्रत या पानावर वेगळी असू शकते. छापून झालेलं पान पुन्हा उघडायचं, जुळवायचं, तपासायचं आणि परत परत करायचं याला प्रकाशकाची तशी तयारी लागते आणि मला वाटतं खिळे जुळवणाऱ्या घराण्यात ती होती. या पुस्तकाला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचं कविता आणि समीक्षा अशा दोन विभागांत एकदमच नामांकन मिळालं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि कवितेचा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीतही ते गेलं, कवितेच्या बाबतीत हे किती दुर्मिळ आहे ते वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी लेस्ली जेमिसन यांचा निबंधसंग्रह याच यादीत आला, तो ग्रेवुल्फच्या स्वतःच्या गद्य पारितोषिकातून निवडलेला होता. 2015 मधे मॅगी नेल्सन यांचं पुस्तक आलं. 2018 मधे ॲना बर्न्स यांच्या कादंबरीला बुकर मिळालं, तिची अमेरिकन आवृत्ती ग्रेवुल्फची.

दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लेखक मोठा झाला की मोठा प्रकाशक मोठा ॲडव्हान्स घेऊन येतो आणि तिथे ना-नफा संस्था पुरी पडत नाही. पर्सिव्हल एव्हरेट यांची पुस्तकं ग्रेवुल्फने 1996 पासून काढली, एक कादंबरी तर शेवट वेगवेगळा ठेवून तीन आवृत्त्यांत छापली आणि कुठली प्रत हातात येईल ते वाचकाला सांगितलंच नाही. कुठला व्यापारी हिशोब अशा गोष्टीला हो म्हणेल? 2022 मधे त्यांची ग्रेवुल्फने काढलेली कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत पोचली. पण 2024 ची कादंबरी डबलडेकडे गेली आणि तिला नॅशनल बुक अवॉर्ड आणि 2025 चं पुलित्झर मिळालं. वाईट वाटतंच, तरी यात लेखकाचा दोष नाही, चाळीसेक वर्षं लिहून झाल्यावर त्याला चांगले पैसे मिळाले तर मिळायलाच हवेत. आणि जुनी पुस्तकं ग्रेवुल्फकडेच आहेत, नव्या वाचकांना मागचं वाचायचं असतं तेव्हा त्यांना ग्रेवुल्फच्याच यादीकडे यावं लागतं. त्यातल्याच एका जुन्या कादंबरीवरून 2023 मधे सिनेमा निघाला आणि त्याला पटकथेचं ऑस्करही मिळालं.

सध्या

2022 मधे मॅक्रे निवृत्त झाल्या आणि कार्मेन हिमेनेझ संचालक झाल्या. त्या स्वतः कवयित्री आहेत आणि नोएमी प्रेस ही छोटी ना-नफा प्रकाशन संस्था त्यांनी बरीच वर्षं चालवली होती, म्हणजे खोकी भरण्यापासून अनुदानाचे अर्ज लिहिण्यापर्यंत सगळं केलेल्या.

2025 च्या मे महिन्यात राष्ट्रीय कलानिधीने अमेरिकेतल्या अनेक साहित्य संस्थांची मंजूर झालेली अनुदानं अचानक रद्द केली, अर्धंअधिक काम होऊन गेलेल्या प्रकल्पांचीसुद्धा. छोट्या ना-नफा प्रकाशकांना याचा फटका जोरात बसला, विशेषतः ज्यांच्याकडे बॅकलिस्ट कमी आणि वितरण कच्चं त्यांना. काहींनी थेट वाचकांकडे मदत मागितली आणि पुस्तकं विकत घ्या असं आवाहन केलं, कारण अनुदान गेलं तरी छापखान्याचं बिल आणि अनुवादकाचं मानधन ठरलेल्या तारखेला द्यावंच लागतं.