खोगीर, घाम आणि फेस

नारायण पेठेतली वरात कार्यालयाच्या दाराशी पोचली, नवरदेव उतरला आणि मंडळी जेवणाच्या ओढीने आत वळली. घोडी तेवढी बाहेर राहिली. घोडीवाल्या मामांनी जरीची झूल काढली, पोटाखालचा तंग सैल केला आणि खोगीर उचललं. घोडीच्या पाठीवर खोगिराच्या कडेकडेने पांढऱ्या फेसाची जाड रेघ होती, अंगाला साबण लावून धुवायचं राहून गेल्यासारखी.

"मामा, हा साबण कसला?"

"साबण कुठला, घाम आहे तो. जिथं घासतं तिथं फेसतो."

मामांनी एका दमात जीवशास्त्रही सांगितलं आणि खोगीर या शब्दाची व्युत्पत्तीही. खोगीर फारसीतून आलं. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. बसायच्या आसनाला फारसीत 'झीन' म्हणतात, म्हणजे आपलं जीन. त्या जिनाखाली घाम टिपायला घालायची जाड घडी, ते खोगीर. आपल्याकडे पुढे गादी भरलेलं सबंध आसनच खोगीर झालं.

गंमत अशी की हा परका शब्द आपल्या भावकीतलाच आहे. संस्कृतातला 'स्व' फारसीत बऱ्याचदा 'ख्व' होऊन भेटतो. स्वप्न तिकडे ख्वाब झालं, तसंच स्वेद आणि खोय एकाच मुळाचे. 'गीर' हा ग्रह् धातूचा चुलतभाऊ. गिरफ्तार त्याच घरातला. म्हणजे खोगिराला संस्कृतात नेऊन बसवलं तर 'स्वेदग्राह' होईल. उलट आपला 'घाम' आला घर्म या शब्दावरून, ज्याचा अर्थ उष्णता, आणि फारसीतलं 'गर्म' त्याचं भावंड. एकूण घामाच्या बाबतीत दोन्ही घरांनी अदलाबदल केलेली दिसते.

आता फेसाकडे. धावताना स्नायूंत जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन बसते. साडेचारशे किलोच्या जनावराला ती बाहेर टाकायला कातडी तुलनेने कमी पडते. म्हणून घोडा माणसासारखा घाम गाळून अंग थंड करतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण घोड्याची अडचण वेगळी आहे. त्याचं अंग दाट, तेलकट केसांनी झाकलेलं असतं, आणि तेलकट केसांवर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात. घाम कातडीपाशीच अडकला तर वाळणार कुठून?

यावर उपाय म्हणून घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. रिठा पाण्यात चोळल्यावर होतं तेच. ताण कमी झाला की घाम केसावर चढतो, टोकापर्यंत पसरतो आणि भराभर वाळतो. खोगिराच्या कडेला किंवा लगामाखाली घासलं गेलं की त्याचाच फेस होतो. माणसाच्या घामात असं काही नसतं, म्हणून आपण कितीही घामाघूम झालो तरी फेसत नाही.

आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका असतो. घोड्याचा मात्र रक्ताइतका किंवा त्याहून खारट. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि मेंदूला तहानेची वर्दी नीट पोचत नाही. दमलेला घोडा समोर बादली असून तोंड फिरवतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. त्याला पाण्याइतकीच मिठाची गरज असते.

आणि खोगीरभरती? खोगिरात चिंध्या, गवत, टाकाऊ लोकर असं काहीही कोंबलेलं चालतं, या समजातून समितीतल्या बिनकामाच्या सभासदांना आपण ते नाव देऊन मोकळे होतो. हा भरतीवर सरळ अन्याय आहे. सत्तर किलोचा स्वार 1,000 चौरस सेंटिमीटरवर सारखा टेकला तर दर चौरस सेंटिमीटरला 70 ग्रॅम भार येतो. भरतीच्या गाठी होऊन टेकायची जागा पावच उरली, की तोच भार 280 ग्रॅम. एवढ्या दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडी उपाशी राहते, केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात. मग तिथे पांढरे केस उगवतात, आणि बहुधा जन्मभर तसेच राहतात. चांगल्या खोगिरात भरती कण्याच्या दोन्ही बाजूंना असते, मधे पन्हळ मोकळी सोडलेली, म्हणजे मणक्यांवर थेट भार येत नाही.

या 'गीर'चं दुसरं अपत्य म्हणजे बारगीर. बार म्हणजे भार, तेव्हा बारगीर म्हणजे ओझं वाहणारं जनावर. तुर्कीत त्याचं 'बेगिर' झालं, घोडा या अर्थी, आणि मोटारीची अश्वशक्तीही तिकडे बेगिरांतच मोजतात. आपल्याकडे मात्र घोड्याचं नाव स्वाराला चिकटलं. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हेच बारगीर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर बंगालवर गेले आणि तिथल्या अंगाईगीतात 'बोर्गी' होऊन बसले, पोरांना भीती घालायला. पेशव्यांचे खासे घोडे जिथे बांधले जायचे, त्या हुजूरपागेत आता 1884 साली सुरू झालेली मुलींची शाळा भरते, तीही या वरातीच्या वाटेवरच.

मामांनी ओल्या फडक्याने घोडीची पाठ पुसली. मानेच्या मुळाशी उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. "जुनं खोगीर लागायचं तिला," ते म्हणाले. नवं खोगीर त्यांनी उलटं करून स्कूटरच्या सीटवर उन्हात ठेवलं होतं. पंगत उठेपर्यंत ते वाळलं आणि त्याच्या अस्तरावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या.